दुरुस्ती-नौकेचंही चरित्र छापा : मराठी संपादकांना आणि युद्धेतिहासाच्या लेखकांना खुलं पत्र

मराठी नियतकालिकांचे संपादक आणि युद्धेतिहासाचे लेखक यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी एका संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला होता. विभागाचा विषय होता समुद्रावरची युद्धं. मी अमेरिकी नौदलाच्या 'व्हेस्टल' या दुरुस्ती-नौकेचा, म्हणजे इतर जहाजं नीट करणाऱ्या तरंगत्या कर्मशाळेचा, सेवाकाळ लिहून पाठवला. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. अगदी आदराने बोलले. लेख आवडला म्हणाले, पण वाचकाला लढाई हवी असते, दुरुस्ती कोण वाचणार. 'अ‍ॅरिझोना' या पर्ल हार्बरला बुडालेल्या युद्धनौकेवर लिहून द्या, त्यात ओघाने 'व्हेस्टल'चं नाव येऊ द्या. मी नकार दिला. त्या अंकाचं नाव इथे घेत नाही, कारण हाच निरोप वेगवेगळ्या शब्दांत मला आधीही मिळालेला आहे आणि तो एका माणसाचा निर्णय राहिलेला नाही. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना, उघडपणे.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगतो. लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त शिकून मी नौदलात इंजिनरूम आर्टिफिसर, म्हणजे इंजिनखोलीतला कुशल कारागीर, झालो. सगळी नोकरी पाण्याच्या पातळीखालच्या डेकवर गेली. जहाज बंदरात परत येतं तेव्हा वर फोटो निघतात, पाहुणे येतात. त्याच वेळी खाली कुणीतरी डिफेक्ट लिस्ट घेऊन बसलेलं असतं: अमुक पंपाचं ग्लँड गळतंय, तमुक व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, शाफ्टचं बेअरिंग तापतंय. पुढच्या वेळी जहाज निघणार की नाही, निघालं तर किती वेगाने जाणार, हे त्या यादीवर ठरतं. हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. म्हणून नौदलाचा इतिहास वाचताना त्या यादीचा कुठे पत्ताच लागत नाही, तेव्हा माझ्या पेशाची पानंच कुणी फाडून ठेवल्यासारखं वाटतं.

आता 'व्हेस्टल'बद्दल. जो लेख छापला गेला नाही, त्याचा गाभा इथे देतो, म्हणजे काय वगळलं गेलं ते वाचकांनाच ठरवता येईल.

ही नौका मुळात कोळसा वाहण्यासाठी बांधलेली. न्यूयॉर्क नेव्ही यार्डात १९०७ मध्ये तिची बांधणी सुरू झाली, १९०९ मध्ये ती ताफ्याला कोळसा पुरवू लागली. तीनच वर्षांत तिला बोस्टनच्या नेव्ही यार्डात नेऊन दुरुस्ती-नौका करण्यात आलं, आणि सप्टेंबर १९१३ मध्ये ती या नव्या रूपात सेवेत रुजू झाली. पुढच्या वर्षी मेक्सिकोतल्या व्हेराक्रुझ मोहिमेत ताफ्याच्या मागे ती होती. पहिल्या महायुद्धात आयर्लंडच्या क्वीन्सटाऊन बंदरात राहून तिने विनाशिकांची देखभाल केली. १९२५ मध्ये 'एस-५१' ही पाणबुडी 'सिटी ऑफ रोम' या जहाजाची धडक बसून ब्लॉक आयलंडजवळ बुडाली. जुलै १९२६ मध्ये ती तळातून वर काढली गेली, त्या कामातही 'व्हेस्टल' होती.

६ डिसेंबर १९४१ रोजी हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदलतळावर तिला 'अ‍ॅरिझोना'च्या शेजारी बांधण्यात आलं. 'अ‍ॅरिझोना'ची देखभालीची कामं करायची होती, काही दिवस तिथेच मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास जपानी विमानं आली. 'व्हेस्टल'वर दोन बॉम्ब पडले. एक तीन डेक भेदून खाली भांडारात फुटला. दुसरा सुतारशाळा आणि पत्राकामाची शाळा यांच्यातून आरपार गेला आणि तळाला सुमारे पाच फुटांचं भगदाड पाडून गेला. ज्या जागेत इतरांची भगदाडं बुजवायची हत्यारं होती, तिथूनच तो गेला. तिच्यावर एक तीन इंची विमानविरोधी तोफ होती, ती काही गोळे झाडून अडकली.

मग 'अ‍ॅरिझोना'चं पुढचं दारूकोठार उडालं. त्या हादऱ्याने 'व्हेस्टल'च्या डेकवरची शंभरेक माणसं पाण्यात फेकली गेली. त्यांत तिचे कप्तान कमांडर कॅसिन यंग हेही होते. पाण्यावर तेलाचा थर, थरावर आग. यंग पोहत परत आले, वर चढले, तेव्हा कुणीतरी जहाज सोडायचा हुकूम देऊन टाकला होता. त्यांनी तो रद्द केला आणि जहाज हलवायला सांगितलं.

'अ‍ॅरिझोना'ला बांधलेले दोर कुऱ्हाडीने तोडायचं काम सुरू झालं. त्याच वेळी 'अ‍ॅरिझोना'च्या पुढच्या मनोऱ्यावर सहा खलाशी अडकले होते, सगळे भाजलेले. 'व्हेस्टल'वरच्या जो जॉर्ज या खलाशाने त्यांच्याकडे आधी बारीक दोर फेकला. त्यांनी तो ओढून त्याला बांधलेला जाड दोर वर घेतला आणि पक्का केला. मग सोललेल्या हातांनी, जळत्या पाण्यावरून, जवळपास सत्तर फूट अंतर त्या दोराला लोंबकळत पार करून ते सहाही जण 'व्हेस्टल'वर पोहोचले. जॉर्ज यांना या कृत्याचं शौर्यपदक २०१७ मध्ये मिळालं, मृत्यूनंतर. ज्यांचे जीव वाचले त्यांतल्या दोघांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता.

एका टगने, म्हणजे ओढनौकेने, 'व्हेस्टल'चा नाळेकडचा भाग ओढून तिला बाजूला काढलं. मागून पाणी भरत होतं, जहाज एका अंगाला झुकत होतं. यंग यांनी तिला आयेआच्या किनाऱ्याकडे नेऊन उथळ जागी मुद्दाम रुतवलं. खोल पाण्यात गेली असती तर ती बुडाली असती, आणि तिच्याबरोबर सगळी यंत्रसामग्री गेली असती. इथे कप्तानाचा निर्णय आणि कारागिराचा हिशेब एकच होता. यंग यांना या दिवसासाठी मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

मराठीत याबद्दल जे काही छापून येतं, ते बहुतेक इथे थांबतं. माझ्या दृष्टीने तिचं खरं चरित्र इथून सुरू होतं.

पर्ल हार्बरच्या गोद्या तेव्हा लढाऊ जहाजांनी भरून गेल्या होत्या. 'व्हेस्टल'ला जागा नव्हती. तेव्हा तिच्याच कारागिरांनी तिची दुरुस्ती केली. तळाला भगदाड, आत तेल आणि चिखल, कर्मशाळा उद्ध्वस्त, आणि त्याच कर्मशाळेतून स्वतःच्या जहाजाचे पत्रे कापून बसवायचे. ज्यांनी कधी तेलाने माखलेल्या कंपार्टमेंटमध्ये उतरून वेल्डिंग केलं आहे, त्यांना या एका वाक्याचं वजन कळेल. आधी पाणी उपसायचं, मग वायू बाहेर काढायचा, पत्रा खरवडून कोरडा करायचा, तेव्हा कुठे इलेक्ट्रोड लागतो. घाई केली तर आग लागते, आणि युद्धात घाई तर असतेच.

१२ ऑगस्ट १९४२ रोजी, सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकॅनलवर अमेरिकी सैन्य उतरल्यानंतर पाचव्या दिवशी, ती दक्षिण पॅसिफिककडे निघाली. टोंगा बेटांतल्या टोंगाटापूच्या साठ दिवसांच्या मुक्कामात तिने ५८ जहाजांची ९६३ कामं केली. त्यातलं एक पाहा. 'साउथ डकोटा' ही नवी युद्धनौका सप्टेंबरमध्ये लहाई खिंडीत नकाशावर नसलेल्या प्रवाळ खडकावर घासली. 'व्हेस्टल'चे पाणबुडे तिच्या तळाखाली उतरले आणि सुमारे १५० फूट लांबीवर नुकसान पसरलं आहे असं त्यांनी सांगितलं. हजारो टनांच्या जहाजाखाली, हाताने चाचपत, एकेक सांधा आणि रिव्हेट तपासत जायचं. मग तात्पुरत्या डागडुजीवर ती युद्धनौका कायमच्या दुरुस्तीसाठी पर्ल हार्बरला गेली आणि ऑक्टोबरपर्यंत पुन्हा लढाईत होती.

ऑक्टोबरअखेर 'व्हेस्टल' न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ बंदरात पोहोचली. नुकतीच पॅसिफिकमधल्या सांताक्रूझ बेटांजवळची लढाई झाली होती. 'हॉर्नेट' ही विमानवाहू नौका बुडाली होती. दक्षिण पॅसिफिकमध्ये अमेरिकेची एकच विमानवाहू नौका उरली होती, 'एंटरप्राइज', आणि तीही बॉम्बने जायबंदी. 'व्हेस्टल'चे कारागीर तिच्यावर चढले. 'साउथ डकोटा'ही तिथेच होती, लढाईत बॉम्ब लागलेली आणि परतताना एका विनाशिकेशी टक्कर झालेली. ११ नोव्हेंबरला 'एंटरप्राइज'ला निघावं लागलं तेव्हा काम संपलेलं नव्हतं. म्हणून कारागीर उतरलेच नाहीत. जहाज लढाईकडे जात होतं आणि आत वेल्डिंग चालू होतं. त्या आठवड्यात ग्वाडलकॅनलच्या समुद्रात जी लढाई झाली, तिच्यात या दोन्ही जहाजांचा वाटा मोठा होता.

त्याच लढाईत १३ नोव्हेंबरला कॅसिन यंग मारले गेले. तेव्हा ते 'सॅन फ्रान्सिस्को' या क्रूझरचे कप्तान होते. त्यानंतर 'व्हेस्टल' दक्षिण पॅसिफिकमधल्या एस्पिरितू सांतो या बेटावर गेली, आणि तिथे तिने ज्या जहाजांवर काम केलं त्यांत 'सॅन फ्रान्सिस्को' आहे. आपल्या जुन्या कप्तानाचा मृत्यू झाला ते जहाज नीट करायला त्यांचीच माणसं गेली. युद्धकथा शोधणाऱ्या लेखकाला यापेक्षा काय हवं, मला खरंच समजत नाही.

एस्पिरितू सांतोच्या वर्षभरात २७९ जहाजं आणि किनाऱ्यावरची ठाणी मिळून ५,६०३ कामं तिच्या नावावर आहेत. ग्वाडलकॅनलजवळच्या तासाफारोंगाच्या लढाईत मार खाल्लेल्या 'न्यू ऑर्लीन्स' आणि 'पेन्साकोला' या क्रूझर त्यात येतात. पुढे फुनाफुटी बेटावर टॉर्पेडो लागलेली विमानवाहू नौका 'इंडिपेन्डन्स', मग उलिथीचा तळ, मग ओकिनावाजवळचं केरामा रेत्तो, जिथे कामिकाझे, म्हणजे आत्मघाती, विमानांनी फोडलेल्या विनाशिका येऊन उभ्या राहत. १४ ऑगस्ट १९४६ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली. १९५० मध्ये भंगारात गेली. दुसऱ्या महायुद्धातल्या सेवेसाठी तिला बॅटल स्टार, म्हणजे युद्धमोहिमांतल्या सहभागाची मानचिन्हं, मिळाले दोन.

यंग यांचं नाव दिलेली विनाशिका 'कॅसिन यंग' आज बोस्टनमध्ये संग्रहालय म्हणून उभी आहे, त्याच नेव्ही यार्डात, जिथे १९१३ मध्ये 'व्हेस्टल' दुरुस्ती-नौका झाली होती. विनाशिका जपली गेली याचा मला आनंद आहे. पण ज्या नौकेवर त्यांनी ते नाव कमावलं, तिच्याबद्दल मराठी वाचकाला चार ओळीही मिळू नयेत हे मला मान्य नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी. आपल्या लेखांमध्ये 'एंटरप्राइज पुन्हा रणात उतरली' अशी वाक्यं येतात. जणू ती आपोआप बरी झाली. बॉम्ब लागला आणि जहाज परत आलं या दोन घटनांच्या मध्ये शेकडो माणसांचं रात्रंदिवस काम असतं, आणि ते गाळलं की लढाईचं कारणच चुकीचं सांगितलं जातं. जपानी नौदलाने दुरुस्तीसाठीच खास बांधलेली 'आकाशी' ही नौका ३० मार्च १९४४ रोजी पलाऊला अमेरिकी विमानांनी बुडवली. तशी दुसरी नौका त्यांच्याकडे नव्हती. तिच्यानंतर नादुरुस्त जहाजं पुढच्या तळावर नीट करण्याची जपानची मोठी सोय गेली. युद्ध करणाऱ्यांना दुरुस्ती-नौकेची किंमत माहीत होती. ती इतिहास लिहिणाऱ्यांनी विसरू नये.

दुसरी तक्रार नोंदींची. 'व्हेस्टल'चा उल्लेख मी 'मालवाहू जहाज', 'शेजारी उभी असलेली एक बोट' असा छापलेला पाहिला आहे. क्रूझर आणि विनाशिका यांत कुणी गल्लत केली तर वाचकांची पत्रं येतात. सहायक जहाजांच्या बाबतीत कोणतीही चूक चालते, कारण तपासणाराच नसतो.

तिसरी तक्रार आपल्या घरची आहे, आणि ती लिहिताना मला जास्त त्रास होतो. मराठ्यांच्या आरमारावर आपल्याकडे भरभरून लिहिलं जातं. गुराबा, गलबतं, आंग्र्यांच्या लढाया. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडकात खोदलेली आरमारी गोदी आहे. लढून आलेली गलबतं ओढून घ्यायची, त्यांचे तळ साफ करायचे, फळ्या बदलायच्या, सांधे भरायचे, हे तिथे होत असे. तिच्याबद्दल किल्ल्याच्या वर्णनात एखादी ओळ येते. तिथले सुतार आणि लोहार कोण, हा प्रश्नसुद्धा कुणी विचारत नाही. १९७१ च्या युद्धात 'विक्रांत'च्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर केलेले हल्ले आपण दरवर्षी आठवतो. तेव्हा तिच्या एका बॉयलरच्या ड्रमला तडा गेलेला होता, वेगावर मर्यादा होती, आणि तरीही उरलेल्या बॉयलरांवर तिला युद्धात उतरवता आलं यामागे अभियंत्यांचं आणि गोदी कामगारांचं काम होतं. ते किती लेखांत आलं? सोव्हिएत संघाकडून १९६८ मध्ये आलेली 'आयएनएस अंबा' ही आपल्या पाणबुड्यांची मातृनौका. बॅटऱ्या चार्ज करणं, दाबाखालची हवा, गोडं पाणी, टॉर्पेडो, सुटे भाग, पाणबुडीवाल्यांना झोपायला कोरडी जागा, हे सगळं अशा नौकेकडून मिळतं. २००६ पर्यंत ती सेवेत होती. 'कुरसुरा' पाणबुडी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर लोक रांगा लावून पाहतात, आणि पाहावीच. 'अंबा'चं साधं सेवावृत्तसुद्धा मराठीत माझ्या वाचनात आलेलं नाही.

चौथी गोष्ट तक्रार म्हणण्यापेक्षा काळजी आहे. या कामाच्या फार थोड्या नोंदी सामान्य वाचकापर्यंत येतात. जे आहे ते माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं म्हातारी झाली आहेत. त्यांच्यातल्या कुणालाही कुणी मुलाखतीसाठी फोन केल्याचं मी ऐकलेलं नाही.

वाचकाला लढाई हवी असते हा युक्तिवाद मला पटत नाही. दोराला लोंबकळत आलेले सहा खलाशी, पाण्याखाली १५० फूट चाचपत गेलेले पाणबुडे, लढाईकडे निघालेल्या जहाजात चालू असलेलं वेल्डिंग: हे वाचकाने नाकारलेलं नाही. त्याला ते कधी दिलंच गेलेलं नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

लढाईचा लेख छापताना, त्यातलं एखादं जहाज जखमी होऊन नंतर परत आलं असेल, तर ते कुठे आणि कुणी दुरुस्त केलं हे लेखकाकडून लिहून घ्या. दोन ओळी पुरतात. माहिती मिळत नसेल तर तसं लिहू द्या, पण 'जहाज पुन्हा सज्ज झालं' एवढ्यावर भागवू नका.

नौदलाशी संबंधित विशेषांकात किमान एक लेख सहायक जहाजावर असावा. दुरुस्ती-नौका, मातृनौका, तेलपुरवठा करणारं जहाज, टग, काहीही. ४ डिसेंबरला नौदल दिन असतो, त्या निमित्ताने दरवर्षी बरंच छापलं जातं. तिथून सुरुवात करता येईल.

असा मजकूर छापण्यापूर्वी तो नौदलातल्या किंवा गोदीतल्या एखाद्या निवृत्त तंत्रज्ञाला दाखवा. आम्ही मोबदला मागत नाही. मी स्वतः हे काम करायला तयार आहे, आणि माझ्या ओळखीतले आणखी काहीजणही.

'अंबा'वर, आणि आपल्या इतर सहायक नौकांवर ज्यांनी नोकरी केली, त्यांतले मराठी बोलणारे आर्टिफिसर, मेकॅनिक, वेल्डर, पाणबुडे शोधून त्यांच्या आठवणी आताच छापायला घ्या. गोपनीय काही विचारू नका, ते सांगणारही नाहीत. फाउंड्रीत साचा कसा करायचे, पंपाचा सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर कसा बनवला, पाणबुडी रात्री शेजारी लागली की पहिलं काम कोणतं, एवढं विचारलं तरी एक पुस्तक होईल.

आणि माझा लेख तुम्ही छापलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. दुसऱ्या कुणी 'व्हेस्टल'वर माझ्याहून चांगलं लिहिलं तर ते छापा. माझ्याकडची टिपणं मी त्यांना देईन. त्या संपादकांनाही मी हेच कळवलं आहे. त्यांचा पुढचा अंक येण्याआधी उत्तर आलं तर बरं होईल, कारण ज्यांच्या आठवणी घ्यायच्या आहेत त्यांतल्या काहींची प्रकृती ठीक नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त इंजिनरूम आर्टिफिसर